आकड्यांची चित्रे : रंगाचे व पारदर्शकतेचे दोष कसे शोधावेत

पाटीवर कुणी सात आणि पाच तेरा असे लिहिले तर दुसरीतले पोरही हसते. पण नकाशात केशरी रंगाच्या जागी तांबडा रंग भरून ठेवला तर हसणार कोण? आकड्यातली चूक डोळ्यांत खुपते आणि रंगातली चूक डोळ्यांना सुखावते, ही या विषयातली मुख्य अडचण आहे. संगणकाला आज्ञावली लिहून देऊन त्याच्याकडून आलेख आणि नकाशे काढून घेण्याची विद्या आता शाळा-महाविद्यालयांपर्यंत येऊन पोचली आहे. आज्ञावलीत एखादा कंस मिटायचा राहिला तर यंत्र तेथेच थांबते, तक्रार करते, कोणत्या ओळीत घोटाळा आहे तेही सांगते. रंग चुकला तर मात्र ते चकार शब्द काढीत नाही. सुबक चित्र काढून पुढे ठेवते आणि स्वस्थ बसते.

वाशीसारख्या तालुक्याच्या गावी हा विषय कशाला, असे आपणांपैकी कुणाच्या मनात आले असेल. त्याला उत्तर २०२३ सालचे आहे. त्या वर्षी खरिपात पावसाने ओढ दिली आणि ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत धाराशिव जिल्ह्यातले तीन तालुके होते : वाशी, धाराशिव आणि लोहारा. शेजारचे भूम आणि कळंब त्या यादीत नव्हते. पुढच्याच महिन्यात इतर तालुक्यांतील अनेक महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली ती वेगळी. असे निर्णय रंग पाहून होत नाहीत, आकडे पाहून होतात. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ-व्यवस्थापन संहितेत पावसाची तूट, पावसातला खंड, पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओल, भूजल आणि उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवाई अशा कसोट्या दिलेल्या आहेत. पण गावातल्या माणसापुढे आकड्यांचा तक्ता क्वचित येतो. त्याच्यापुढे येतो तो रंगवलेला नकाशा. वर्तमानपत्रात, मोबाईलवर, नाहीतर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवलेल्या झेरॉक्सवर. आपला तालुका कोणत्या रंगात आहे हे पाहून तो आपले मत बनवतो आणि त्या मतावर अर्ज करतो, भांडतो किंवा गप्प बसतो.

तेव्हा आधी एका ओळखीच्या नकाशाकडे पाहू. भारतीय हवामान खाते पावसाचे जिल्हावार नकाशे काढते. सरासरीपेक्षा ६० टक्के वा त्याहून जास्त पाऊस झाला तर गडद निळा, २० ते ५९ टक्के जास्त असेल तर फिकट निळा, उणे १९ पासून अधिक १९ टक्क्यांपर्यंत हिरवा, २० ते ५९ टक्के तूट असेल तर तांबडा आणि ६० ते ९९ टक्के तूट असेल तर पिवळा. म्हणजे येथे तांबड्यापेक्षा पिवळा वाईट! आता याच खात्याचे वादळवाऱ्याचे इशारे पाहा. तेथे हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबडा असा चढता क्रम आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा आणि तांबडा म्हणजे हालचाल करा. दोन्ही नकाशे आपापल्या सूचीप्रमाणे बिनचूक आहेत. पण एकाच भिंतीवर ते शेजारी लावले आणि सूची वाचायचा कुणी कंटाळा केला, तर काय होईल ते सांगायला नको. आणखी एक गंमत अशी की १९ टक्के तूट असलेला जिल्हा हिरवा आणि २० टक्के तूट असलेला तांबडा. एका टक्क्यात सारे पीक वाळले! उलट २० टक्के आणि ५९ टक्के तुटीला रंग एकच. वर्ग पाडले की असे होणारच. म्हणून आम्हांला तरी असे वाटते की ज्या नकाशावरून माणसे भांडणार आहेत, त्या नकाशात रंगाबरोबर आकडाही छापलेला असावा.

आता यंत्राला रंग कसा कळतो ते पाहू. कारण निम्मे दोष तेथेच जन्मतात. आपल्या तालुक्यातले तेरखेडा फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे. शोभेच्या दारूचे शास्त्र असे की स्ट्रॉन्शियमच्या क्षारांनी ज्योत तांबडी होते, बेरियमने हिरवी, तांब्याच्या क्षारांनी निळी. हे रंग लेपाचे नव्हेत, उजेडाचे आहेत. रंगाऱ्याने तांबडा आणि हिरवा रंग कालवला तर मातकट लगदा होतो. पण अंधारात तांबडा आणि हिरवा उजेड एकत्र पडला तर पिवळा दिसतो. संगणकाचा पडदा रंगाऱ्याच्या जातीचा नाही, दारूकामवाल्याच्या जातीचा आहे. प्रत्येक बिंदूत तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन दिवे. कोणता किती पेटवायचा हे सांगणारे तीन आकडे म्हणजे यंत्राच्या लेखी रंग.

आता हे आकडे ० ते २५५ असेही लिहितात आणि ० ते १ असेही लिहितात. शंभर पैसे म्हणजे एक रुपया, पण पैशांचा आकडा रुपयांच्या रकान्यात लिहिला की हिशेब बुडालाच. ० ते १ ची अपेक्षा करणाऱ्या साधनाला कुणी २००, १५०, ९० असे दिले, तर एखादे साधन भांडते आणि ते बरेच म्हणायचे. दुसरे मात्र एकाच्या वरचे सारे एकच धरते, आणि छायाचित्राच्या जागी पांढरे फटक कागद दिसतात. चित्र सर्वस्वी पांढरे वा सर्वस्वी काळे आले, तर रंगाची निवड बदलत बसू नये. यंत्रात गेलेला सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा छापून पाहावा. दोन मिनिटांत उलगडा होतो.

दुसरा घोटाळा क्रमाचा. बहुतेक साधने तांबडा, हिरवा, निळा असा क्रम धरतात. परंतु ओपनसीव्ही हे चित्रे वाचणारे प्रसिद्ध साधन निळा, हिरवा, तांबडा असा उलटा क्रम धरते. त्याने वाचलेले छायाचित्र दुसऱ्या साधनाने दाखवले की नारिंगी झेंडू आकाशी होतो. पण झेंडूचे पान हिरवेच राहते. दोष ओळखण्याची खूण येथेच आहे. हिरवा मधल्या घरात असल्यामुळे त्याला धक्का लागत नाही. पाने ठीक आणि फुले बिघडलेली, असे दिसले की कडेची दोन घरे उलटी झाली आहेत असे समजावे.

याच जातीचा, पण अधिक कपटी असा दोष गूगल अर्थवर नकाशा नेताना आढळतो. रंगाचा आठ अक्षरी संकेत असतो. दोन-दोन अक्षरांची चार घरे. संकेतस्थळांच्या पद्धतीत ही घरे तांबडा, हिरवा, निळा आणि शेवटी अपारदर्शकता अशी येतात. गूगल अर्थसाठी वापरतात त्या केएमएल लिपीत ती नेमकी उलट : आधी अपारदर्शकता, मग निळा, हिरवा, तांबडा. आता मौज पाहा. पूर्ण तांबड्याचा संकेत पूर्ण, शून्य, शून्य, पूर्ण असा होतो. तो उलट वाचला तरी तोच. त्यामुळे तांबड्याने केलेली परीक्षा उत्तीर्ण होते आणि विद्यार्थी निश्चिंत होतो. पुढे तो अर्धा पारदर्शक तांबडा घालतो, म्हणजे पूर्ण, शून्य, शून्य, अर्धा. केएमएल ते उलटे वाचते आणि पारदर्शकता जाऊन घट्ट काळपट तांबडा उमटतो. मग तो पूर्ण निळा घालतो : शून्य, शून्य, पूर्ण, पूर्ण. केएमएलच्या लेखी पहिले घर अपारदर्शकतेचे आणि त्यात शून्य. म्हणून निळे तलाव नकाशावरून सर्वस्वी नाहीसे होतात! आकडे बरोबर, जागा बरोबर, आणि तलाव मात्र गायब. अशा परीक्षेसाठी तांबडा रंग घेऊ नये. ज्याची चारही घरे निरनिराळी आहेत असा एखादा वेडावाकडा रंग घ्यावा.

येथवरचे दोष निदान दिसतात तरी. याहून घातक दोष मोजपट्टीचा, कारण त्यात चित्र पूर्णपणे सयुक्तिक दिसते. समजा, धाराशिव जिल्ह्याच्या आठ तालुक्यांतील पावसाचा सरासरीपासूनचा फरक दाखवायचा आहे. तुटीला तांबडा, अधिकाला निळा आणि मध्ये पांढरा अशी रंगपट्टी कुणी निवडली. निवड उत्तम आहे. आता समजा वर्ष कोरडे गेले आणि आकडे उणे ६० पासून अधिक २० पर्यंत आले. आपण काही सांगितले नाही तर यंत्र पट्टीचे एक टोक उणे ६० वर ठेवते, दुसरे अधिक २० वर ठेवते आणि पांढरा रंग बरोबर मध्ये, म्हणजे उणे २० वर आणून बसवते. परिणाम असा की ज्या तालुक्यात पंधरा टक्के तूट आहे तो फिकट निळा होतो. पाहणाऱ्याला वाटते, येथे सरासरीहून बरा पाऊस झाला. यंत्राने लबाडी केली नाही. शून्याला काही अर्थ आहे हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. उपाय साधा आहे. पट्टीची टोके उणे ६० आणि अधिक ६० अशी समतोल ठेवावीत, किंवा मध्य शून्यावर आहे असे स्पष्ट लिहून द्यावे.

टोके यंत्रावर सोडण्यात दुसराही एक धोका आहे. जून, जुलै, ऑगस्ट असे तीन नकाशे शेजारी मांडले आणि प्रत्येकाची पट्टी यंत्राने स्वतंत्र ठरवली, तर जूनचा तांबडा आणि ऑगस्टचा तांबडा यांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही. तीन घरांत तीन निराळी मापटी, आणि धान्य कुणाकडे जास्त यावर वाद!

आणि ज्या ठिकाणचा आकडाच आलेला नाही त्याचे काय? पर्जन्यमापक बंद पडतो, कागद हरवतो. कुणी रिकाम्या जागी शून्य भरून ठेवतो, कुणी उणे ९९९ भरतो. शून्य भरले तर पावसाचा थेंबही न पडलेला तालुका तयार होतो. उणे ९९९ भरले तर पट्टीचे टोक तिकडे ताणले जाते आणि उरलेले सात तालुके एकाच रंगात न्हाऊन निघतात. जागा खरोखर रिकामी ठेवली तर पायथॉनमधले मॅटप्लॉटलिब हे साधन ती पूर्ण पारदर्शक ठेवते, म्हणजे खालचा कागद दिसतो. कागद पांढरा, आणि आमच्या पट्टीत पांढरा म्हणजे सरासरीइतका पाऊस! ज्याच्याबद्दल काहीच ठाऊक नाही तो तालुका अशा रीतीने सुखरूप ठरतो. रिकाम्या जागेला पट्टीत कोठेही नसलेला करडा रंग मुद्दाम द्यावा आणि सूचीत ‘आकडा आलेला नाही’ असे लिहावे.

आता पारदर्शकतेकडे वळू. ती हवी कशाला? २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. एका माणसाला एक ठिपका असा नकाशा काढायचा ठरवले, आणि चित्र हजार बिंदू रुंद व हजार बिंदू उंच असले, तर बिंदू होतात दहा लाख. माणसे त्याहून जास्त. ठिपक्यावर ठिपका पडणारच. ठिपके घट्ट रंगाचे असले तर जेथे दोन पडले आणि जेथे दोनशे पडले ती जागा सारखीच काळी दिसते. वाशी गाव आणि त्याच्या बाहेरची वस्ती यांत फरक राहत नाही. म्हणून ठिपका मलमलीसारखा विरळ करतात. मलमलीची एक घडी डोळ्यांपुढे धरली तर पलीकडचे दिसते. घड्या वाढवीत गेले की अंधार दाटत जातो. जेथे दाटी तेथे गडद, जेथे विरळ तेथे फिकट.

या विरळपणाच्या मापाला अल्फा म्हणतात. शून्य म्हणजे पूर्ण पारदर्शक, एक म्हणजे पूर्ण घट्ट. हे नाव १९७० च्या दशकाच्या अखेरीस एडविन कॅटमल आणि आल्व्ही रे स्मिथ यांनी रूढ केले, आणि १९८४ मध्ये टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी थरावर थर ठेवण्याचे सारे गणित पद्धतशीर मांडले. त्यातला मुख्य नियम एका ओळीचा आहे. अल्फा जेवढा, तेवढा भाग वरच्या रंगाचा घ्यावा. एकातून अल्फा वजा करून जे उरेल, तेवढा खालच्या रंगाचा घ्यावा. दोन्हींची बेरीज म्हणजे दिसणारा रंग.

या छोट्याशा नियमातून जे निघते ते पुष्कळांच्या अपेक्षेपेक्षा वेगळे असते. अल्फा एक-दशांश ठेवला तर दहा ठिपके एकावर एक पडताच रंग पूर्ण घट्ट होईल, असे बहुतेकांना वाटते. होत नाही. प्रत्येक थर उरलेल्या उजेडाचा एक-दशांश खातो. मूळ उजेडाचा नव्हे. दहा थरांनंतर रंग साधारण ६५ टक्के भरतो, आणि ९५ टक्के भरायला २९ थर लागतात. सावकाराच्या चक्रवाढीचे हेच गणित, फक्त उलट्या दिशेने. त्यामुळे दुप्पट गडद म्हणजे दुप्पट दाटी, असे वाचणे चूक आहे.

मग अल्फा आणखी कमी करावा काय? त्यालाही सीमा आहे. बहुतेक यंत्रे रंगाचा आकडा ० ते २५५ या पूर्णांकांतच साठवतात. अल्फा एक-सहस्रांश ठेवला तर एका ठिपक्याचा वाटा पाव आकड्याइतका होतो. यंत्र तो शून्य धरते, आणि लाख ठिपके पडले तरी कागद कोरा. एक-पन्नासांश ठेवला तर सुरुवातीला रंग भरत जातो, पण पूर्ण रंगाला पंचवीसेक पायऱ्या उरल्या की प्रत्येक नव्या थराची भर अर्ध्या पायरीहूनही कमी होते आणि पूर्णांकाला गोल करताना ती गळून जाते. रंग तेथेच अडतो. नंतरचे हजारो ठिपके वाया. ठिपके लाखांच्या घरात गेले की पारदर्शकतेचा नाद सोडून द्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे. नकाशाची लहान चौकटींत किंवा षट्कोनांत वाटणी करावी, प्रत्येक चौकटीतले ठिपके मोजावेत आणि त्या संख्येप्रमाणे रंग भरावा. मोजणी यंत्राला उत्तम येते; डोळ्यांना येत नाही.

रंग दोन असले की आणखी एक पेच येतो. समजा पाणी असलेल्या विहिरी निळ्या आणि कोरड्या पडलेल्या तांबड्या, दोन्ही अर्ध्या पारदर्शक. पांढऱ्या कागदावर आधी निळा आणि त्यावर तांबडा पडला तर तीन दिव्यांचे आकडे साधारण १९१, ६४, १२८ असे येतात. डोळ्याला ते तांबूस दिसते. क्रम उलटा केला तर १२८, ६४, १९१. तेच ठिकाण निळसर. विहिरी त्याच, गाव तेच. फक्त यादीत कोरड्या विहिरी शेवटी लिहिल्या होत्या म्हणून तालुका कोरडा दिसतो. येथे काढण्यापूर्वी यादी पिसून घ्यावी, पत्ते पिसतात तशी. आणि तांबड्यावर हिरवा ठेवून दारूकामातला पिवळा मिळेल ही आशाही धरू नये. अल्फाचे गणित उजेडांची बेरीज करीत नाही, आकड्यांची सरासरी काढते, आणि हाती येतो तो शेवाळासारखा मळकट रंग.

पण पारदर्शकतेने घडणारा सर्वांत मोठा घात याहून साध्या ठिकाणी आहे. तालुक्यांवर तुटीप्रमाणे रंग भरले, आणि खालचे रस्ते व नद्या दिसाव्यात म्हणून ते अर्धे पारदर्शक केले. सूचीत मात्र तेच रंग घट्ट राहिले. आता भीषण तुटीचा काळपट तांबडा, ज्याचे आकडे १३९, ०, ० आहेत, तो पांढऱ्या कागदावर १९७, १२८, १२८ असा गुलाबी दिसतो. वाचणारा तो गुलाबी रंग सूचीत शोधतो आणि त्याला त्याच्या जवळचा रंग सौम्य तुटीच्या खान्यात सापडतो. एका पायरीने, कधी दोन पायऱ्यांनी दुष्काळ हलका झाला! त्यातून खालचा नकाशा वनाचा हिरवा असला तर रंग आणखी वेगळाच होतो, आणि एकाच तुटीचे दोन तालुके दोन रंगांचे दिसतात. अशा वेळी पारदर्शक थर वापरूच नये. रंग घट्टच भरावेत, आणि रस्ते, नद्या, सीमा यांच्या रेघा सर्वांत शेवटी वरून काढाव्यात. याच्या उलट दोषही आढळतो : ठिपके फार विरळ केले की सूचीतला एकटा ठिपकाही तितकाच विरळ होऊन दिसेनासा होतो, त्याला वेगळी आज्ञा देऊन घट्ट करावा लागतो.

पारदर्शक ठिपक्याभोवती गडद कडे दिसते, त्याचे कोडेही पुष्कळांना पडते. ठिपक्याची कड ही वेगळी रेघ असते आणि तिची अर्धी रुंदी भरलेल्या रंगावर चढलेली असते. तेथे दोन थर झाले म्हणून कडे उमटले. कडेची रेघ काढू नको असे सांगितले की ते जाते.

आज्ञा नेमकी कोठे लिहिली, यावरही पुष्कळ अवलंबून असते. आर भाषेतल्या जीजीप्लॉट-टू या साधनात आकड्यांची रंगाशी जोडणी सांगण्याचा एक कंस असतो. त्या कंसाच्या आत कुणी ‘निळा’ असे लिहिले तर ठिपके तांबूस येतात आणि शेजारी सूची उगवते : तांबूस ठिपका, आणि त्यापुढे शब्द ‘निळा’! आम्हांला हे चित्र फार आवडते, कारण यंत्राची बाजू येथे अगदी न्याय्य आहे. कंसाच्या आत लिहिलेले सारे ते माहिती समजते. ‘निळा’ नावाचा एक गट आहे असे त्याने मानले आणि पहिल्या गटाला आपल्या क्रमातला पहिला रंग दिला. अल्फाचेही तसेच. कंसात अर्धा लिहिला काय किंवा एक-दशांश लिहिला काय, चित्र हलत नाही. आकडा बदलूनही चित्र बदलत नसेल तर तो आकडा आज्ञा म्हणून पोचलेलाच नाही. त्याला कंसाबाहेर आणावा. दोष शोधताना या एका युक्तीने जितके काम होते तितके दहा पुस्तकांनी होत नाही. आकडा मुद्दाम टोकाला न्यावा, अल्फा एक करून पाहावा, शून्य करून पाहावा, आणि लाख ठिपक्यांऐवजी एकमेकांवर येणारे दोनच ठिपके काढून पाहावेत.

पडद्यावर सारे जमले आणि साठवलेल्या चित्रात बिघडले, अशीही तक्रार असते. येथे दोष आज्ञावलीत नसतो, कागदाच्या जातीत असतो. जेपीईजी जातीच्या चित्रात पारदर्शकतेला जागाच नाही. पारदर्शक भाग काळा तरी होतो, नाहीतर पांढरा. जुन्या ईपीएस जातीत अर्धपारदर्शक ठिपके घट्ट होऊन बसतात. मॅटप्लॉटलिब तशी सूचनाही देते, पण सूचना वाचतो कोण! पीएनजीमध्ये पारदर्शकता टिकते; मात्र पार्श्वभूमीच पारदर्शक ठेवली आणि ते चित्र सभेत काळ्या पडद्यावर दाखवले, तर काळ्या अक्षरांतले सारे आकडे अंधारात बुडतात.

आणि झेरॉक्स! इंद्रधनुष्याची रंगपट्टी बरीच वर्षे सर्वत्र चालत होती : गडद निळ्यापासून आकाशी, हिरवा, पिवळा, तांबडा आणि शेवटी गडद तांबडा. रंगीत दिसायला ती मोहक. पण तिची दोन्ही टोके गडद आहेत. ग्रामपंचायतीच्या यंत्रावर तिची काळी-पांढरी प्रत काढली की सर्वांत कमी पावसाची जागा आणि सर्वांत जास्त पावसाची जागा सारखीच काळी, आणि मधला पिवळा लख्ख उजळ. रंगीत नकाशातही तो पिवळा पट्टा डोळ्यात भरतो आणि आकड्यांत नसलेली एक सीमारेषा तेथे आहे असे वाटू लागते. हे ध्यानी आल्यावर मॅटलॅबने २०१४ मध्ये आपली नेहमीची पट्टी बदलली, आणि मॅटप्लॉटलिबने २०१७ मध्ये विरिडिस नावाची पट्टी नेहमीसाठी घेतली. ती जांभळ्यापासून हिरव्यामार्गे पिवळ्याकडे जाते, आणि तिचा उजळपणा पायरीपायरीने सारखा वाढत जातो. म्हणून झेरॉक्समध्येही चढउतार शाबूत राहतो. मात्र तुटीच्या आणि अधिकाच्या नकाशाला ती चालायची नाही, तेथे मध्य असलेली दोन बाजूंची पट्टीच हवी. आणि अशा पट्टीच्या झेरॉक्समध्ये तूट कोणती व अधिक कोणते हे ओळखता येत नाही. तेथे तालुक्यावर आकडा छापण्यावाचून गत्यंतर नाही.

एकावर एक आलेल्या रंगांची अडचण काही संगणकाने आणलेली नाही. १८५८ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलने क्रिमियाच्या युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंचे प्रसिद्ध चक्राकार चित्र छापले. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्यात, जखमांचे तांबड्यात, इतर कारणांचे काळ्यात. तिन्ही क्षेत्रे केंद्रापासूनच मोजायची होती, म्हणून ती एकमेकांवर पडत. काही महिन्यांत दोन रंगांची क्षेत्रे तंतोतंत जुळून एक दुसऱ्याखाली लपे. बाईंनी काय केले? कोणत्या महिन्यात कोणता रंग कोणत्या रंगाशी जुळला आहे, ते चित्रावरच लिहून ठेवले.

शेवटी ज्यांना तांबडा आणि हिरवा यांतला भेद नीट दिसत नाही अशा माणसांविषयी सांगायचे आहे. हा दोष जन्मजात असतो, पुरुषांत स्त्रियांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो, आणि स्वतःला तो आहे हे अनेकांना प्रौढपणीही ठाऊक नसते. एवढ्या मोठ्या सभेत असे काही जण बसलेले असतील. पाणी असलेली विहीर हिरवी आणि कोरडी विहीर तांबडी, असा नकाशा त्यांच्या लेखी एकाच मातकट रंगाच्या ठिपक्यांचा असतो. जपानमधले मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी अशा डोळ्यांनाही वेगळे ओळखता येतील अशा आठ रंगांचा संच तयार केला आहे. आर भाषेत तो २०२० पासून आयताच मिळतो. त्यात निळा आणि नारिंगी आहेत. विहिरींच्या नकाशाला ते दोन पुरतात. आणि कोरड्या विहिरीला ठिपक्याऐवजी फुली काढली तर तो नकाशा झेरॉक्समध्येही वाचता येतो.